वांग्याच्या पिकाचे पोषण : शेणखत आणि रासायनिक खत



वांगे हे भारताचे घरचे पीक आहे. संस्कृतात त्याला वार्ताक आणि वृंताक अशी नावे आहेत. बंगालमध्ये ते बेगुन होते, गुजरातेत रिंगण, तमिळनाडूत कत्तरिक्काय, आंध्रात वंकाय आणि कर्नाटकात बदनेकायी. या देशातून ते इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेले आणि पोर्तुगीजांच्या तोंडून ‘ब्रिंजल’ हे नाव घेऊन परत इथे आले. वांग्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. पश्चिम बंगाल, ओडिशा, गुजरात, बिहार आणि मध्य प्रदेश ही त्यातली आघाडीची राज्ये होत. मात्र हे पीक मोठ्या बागाइतदाराचे नाही. दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते घेणारी कुटुंबे देशभर पसरलेली आहेत. रोप लावल्यापासून दोन महिन्यांनी तोडणी सुरू होते आणि पुढे तीन-चार महिने आठवड्याच्या बाजाराला थोडा थोडा माल जात राहतो. अशा कुटुंबाच्या हातात येणारा रोकड पैसा बहुधा याच पिकाचा असतो. म्हणून वांग्याला कोणते खत द्यावे हा प्रश्न त्या घराच्या दृष्टीने विद्वानांच्या वादाचा नसून संसाराच्या जमाखर्चाचा असतो.

या प्रश्नावर दोन मते मोठ्या आग्रहाने मांडली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, शेणखत, कंपोस्ट आणि पेंड हीच जमिनीची खरी अन्ने होत. कारखान्यातील खत हे विष असून त्याने जमीन मरते, फळ बेचव होते आणि खाणाऱ्याला रोग होतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, शेणखताने वाढत्या लोकसंख्येचे पोट भरणार नाही. वनस्पतीला नत्र, स्फुरद आणि पालाश पाहिजे, ते गोणीतून देणे सोपे, स्वस्त आणि मोजके असते. दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे आणि दोन्हींत अतिशयोक्तीही आहे. वांग्याचे झाड काय मागते, केव्हा मागते आणि कोणत्या रूपात घेते, हे क्रमाने पाहिले म्हणजे या वादातील बराच भाग आपोआप गळून पडतो.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट आहे. सेंद्रिय म्हणजे सजीवांपासून मिळालेले आणि निरिंद्रिय म्हणजे खनिज किंवा कारखान्यात तयार केलेले, असा अर्थ व्यवहारात घेतला जातो. परंतु निसर्ग आपल्या शब्दांप्रमाणे वागत नाही. युरिया हा पदार्थ गाईच्या मूत्रात असतो. तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने सेंद्रियच आहे. फ्रीडरिख व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला, तेव्हा सजीवांतील पदार्थ माणसाला बनविता येत नाहीत या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. उलट रॉक फॉस्फेट हा दगड संपूर्ण निरिंद्रिय असूनही सेंद्रिय शेतीच्या नियमांत त्याला मान्यता आहे. तेव्हा खताच्या नावावरून त्याचे गुण ठरविणे योग्य होणार नाही. आपल्या शेतकऱ्यांची जुनी विभागणी अधिक उपयोगाची आहे. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत ही भरखते; निरनिराळ्या पेंडी ही जोरखते; आणि पीक उभे असताना वरून द्यावयाची ती वरखते. या नावांत खत कोठून आले हे सांगितलेले नसून ते काय काम करते हे सांगितलेले आहे.

वनस्पतीची मुळे शेण खात नाहीत आणि युरियाही जसाच्या तसा फारसा घेत नाहीत. शेणातील प्रथिने आणि इतर संयुगे जमिनीतील जीवाणू फोडतात, त्यांतील नत्राचा अमोनिया होतो, अमोनियाचे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि हे अमोनियम व नायट्रेट पाण्याबरोबर मुळांत जाते. युरियाचीही हीच गत होते. फक्त शेणाला जेथे अनेक आठवडे लागतात तेथे युरियाला काही दिवस पुरतात. शेवटी मुळाच्या तोंडाशी येणारा नायट्रेटचा कण गोठ्यातून आला की कारखान्यातून, हे झाडाला ओळखता येत नाही. यूस्टुस फोन लीबिख याने १८४० मध्ये वनस्पतीच्या खनिज अन्नाचा सिद्धांत मांडला आणि १८४२ मध्ये इंग्लंडात लॉज याने हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट बनविण्याचे पेटंट घेतले. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची कृती हाबर याने १९०९ मध्ये दाखविली व १९१३ मध्ये तिचा कारखाना जर्मनीत सुरू झाला. भारतात सुपरफॉस्फेटचा पहिला कारखाना १९०६ मध्ये राणीपेट येथे निघाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सिंद्रीचा मोठा कारखाना अमोनियम सल्फेट तयार करू लागला. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : मुळाला जे शेवटी हवे असते, ते त्याला लवकर पोचविणे.

वांग्याच्या बाबतीत या ‘लवकर’ आणि ‘सावकाश’चे महत्त्व विशेष आहे. कोबी एकदाच कापला जातो आणि गव्हाची कापणीही एकदाच होते. वांग्याचे झाड मात्र एकाच वेळी वाढते, फुलते, फळे धरते आणि तोडले जाते. चार-पाच आठवड्यांचे रोप शेतात लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याची मागणी अल्प असते. फुले दिसू लागल्यावर ती झपाट्याने वाढते आणि फळे लागू लागली की प्रत्येक तोडणीबरोबर शेतातून काही अन्न बाहेर जाते. हेक्टरी पंचवीस टन वांगी निघाली आणि वांग्यात शेकडा सुमारे १.४ भाग प्रथिन धरले, तर केवळ फळांतून पन्नास-पंचावन्न किलो नत्र बाजारात जाते. झाडाच्या खोडापानांत गुंतलेले नत्र वेगळेच. म्हणजे या पिकाला सबंध हंगामभर मंद आचेसारखा पुरवठा पाहिजे आणि तोडणीच्या दिवसांत अधूनमधून थोडी तेज आचही पाहिजे. पहिले काम भरखताचे आहे, दुसरे वरखताचे.

आता दोघांचा हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शेकडा सुमारे अर्धा भाग नत्र, एक-पंचमांश भाग स्फुरद आणि अर्धा भाग पालाश असतो. वीस टन शेणखतात अशा रीतीने शंभर किलो नत्र येते. परंतु त्यातील फार तर तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक पहिल्या हंगामात झाडाच्या हाती लागतो; बाकीचे पुढील पिकांना सावकाश मिळत राहते. म्हणून शंभर किलो नत्र एकाच हंगामात निव्वळ शेणखतातून द्यावयाचे तर हेक्टरी पन्नास-साठ टन शेणखत लागेल. एका जनावराचे दिवसाला दहा किलो ओले शेण धरले तर वर्षाचे साडेतीन टन होते आणि त्यात मोठा भाग पाण्याचाच असतो. यावरून वीस टनांसाठीही किमान सहा-सात जनावरांचे वर्षभराचे शेण कण न वाया जाता गोळा झाले पाहिजे, हे सहज ध्यानात येईल. उलट तेच शंभर किलो नत्र २१७ किलो युरियात मावते. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची असून कर आणि निंबोळीच्या लेपाचा खर्च वगळता तिची नियंत्रित किंमत २४२ रुपये आहे. म्हणजे पाच गोण्या, सुमारे बाराशे रुपये आणि सायकलवरून होणाऱ्या दोन-तीन खेपा. हा फरक इतका मोठा आहे की, गोठा रिकामा असलेला शेतकरी गोणीकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही.

परंतु या हिशेबात एक रकाना राहून गेला आहे. गोणीत केवळ नत्र असते; शेणखतात नत्राबरोबर कर्बही असतो, आणि जमिनीतील सर्व सजीवांचे अन्न कर्ब हेच आहे. सेंद्रिय पदार्थ कुजून झालेला ह्यूमस मातीचे कण एकत्र बांधतो. त्यामुळे भारी काळी जमीन मोकळी होते आणि हलक्या रेताड जमिनीत ओल टिकते. वांग्याच्या मुळांना हवा लागते. पाणी साचले की ते झाड लगेच पिवळे पडते. शेणखताने वाफसा लवकर येतो, ही शेतकऱ्याची जुनी नोंद आहे. याशिवाय जस्त, लोह, बोरॉन यांसारखी सूक्ष्म द्रव्ये शेणखतात थोड्या प्रमाणात असतात आणि ह्यूमस ती धरूनही ठेवतो. वरून दिलेले अमोनियम आणि पालाश हेसुद्धा ह्यूमसने युक्त मातीत पावसाबरोबर सहज वाहून जात नाही. म्हणजे शेणखत स्वतःचे अन्न तर देतेच, शिवाय शेजारच्या गोणीतील अन्नाची राखणही करते.

शेणखताच्या भक्तांनी त्याचे दोषही लक्षात ठेवावेत. उकिरड्यावरचे अर्धकच्चे शेण शेतात टाकले तर त्याबरोबर तणांचे बी येते, हुमणी आणि वाळवी येते आणि कुजण्याची क्रिया रोपाच्या मुळाशीच सुरू होऊन रोप करपते. काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र अल्प असते. असा कचरा जमिनीत गाडताच जीवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतलेच नत्र उचलतात आणि काही आठवडे पीक उपाशी राहते. उन्हात पसरून ठेवलेल्या शेणातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते आणि पावसात उघड्या राहिलेल्या उकिरड्यातील पालाश ओढ्याला जाऊन मिळतो. अशा खताचा ढीग मोठा दिसतो, परंतु त्याचे सत्त्व गेलेले असते. कोंबडीखत तीव्र असते. ते न कुजविता दिल्यास मुळे भाजतात. निंबोळी पेंडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात शेकडा सुमारे पाच भाग नत्र असते, शिवाय वांग्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना ती आळा घालते. परंतु पेंड महाग असते आणि ती टनांनी नव्हे, मणांनीच परवडते.

तसेच गोणीच्या भक्तांनीही तिचे दोष विसरू नयेत. युरिया ओल्या जमिनीवर उघडा फेकला तर त्याचा बराच अंश अमोनिया होऊन उडतो; मुसळधार पावसाआधी दिला तर नायट्रेट होऊन मुळांच्या खाली निघून जातो; पाणी तुंबलेल्या शेतात जीवाणू त्याचा वायू करतात. म्हणजे विकत घेतलेल्या नत्राचा मोठा हिस्सा झाडाला मिळतच नाही. यावर उपाय म्हणून २०१५ पासून देशातील युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. त्याने नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. परंतु यापेक्षा गंभीर दोष स्वस्ताईचा आहे. १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमतनियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. त्यामुळे युरिया स्वस्त आणि बाकीची खते महाग अशी स्थिती झाली. देशाला लागणारा खतांतील पालाश तर बहुतेक सर्व परदेशातून येतो. मग ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत, तो एकट्या युरियावर भागवतो. पाने हिरवीगार होतात, झाड अंगाने भरते, आणि शेतकऱ्याला वाटते की खत लागू पडले.

वांग्याच्या पिकात या हिरवेपणाची किंमत जबर आहे. नत्र अतिरिक्त झाले की फुले उशिरा येतात, कोवळे शेंडे लुसलुशीत होतात आणि तुडतुडे, मावा यांना ती मेजवानी ठरते. तुडतुड्यांमार्फत पर्णगुच्छ अथवा बोकड्या हा रोग पसरतो. रोगट झाडाची पाने बारीक होऊन गुच्छासारखी होतात आणि ते पुन्हा फळ देत नाही. शेंडे व फळे पोखरणारी अळी तर या पिकाचा मुख्य शत्रू. ती एकदा शेंड्यात किंवा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी फवारणीमागून फवारणी करीत राहतो. या किडीच्या त्रासामुळेच जनुकांतरित वांग्याचा प्रश्न देशात उभा राहिला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. गृहिणीला बाजारातल्या चकचकीत वांग्याची जी भीती वाटते, ती वस्तुतः खताची नसून या फवाऱ्यांची आहे. फळातील नत्र युरियातून आले म्हणून ते विषारी होत नाही. परंतु तोडणीच्या आदल्या दिवशी मारलेले कीटकनाशक फळावर राहते. खत आणि औषध या दोहोंना एकाच नावाने ‘केमिकल’ म्हटल्यामुळे हा घोटाळा झाला आहे. तरीही दोहोंचा संबंध आहेच : बेसुमार युरियाने कीड वाढते, किडीने फवारे वाढतात आणि खर्च दोन्हीकडून अंगावर येतो. खताची मात्रा आवरणे हा फवारे कमी करण्याचा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.

चवीविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. शेणखताचे वांगे अधिक चवदार लागते असे अनेकांचे सांगणे असते. वांग्याची चव मुख्यतः जात, फळाचे वय आणि पाण्याची पाळी यांवर ठरते. भरताचे वांगे कोवळे तोडले तर सपक लागते आणि जून झाले तर बियाळ व कडवट होते. नत्र व पाणी यांच्या भरघोस माऱ्याने फळ झपाट्याने फुगते, त्यात पाण्याचा अंश वाढतो आणि त्याचा टिकाऊपणा कमी होतो. म्हणजे जी चव शेणखताच्या खात्यावर जमा होते, तिच्यातील काही भाग वास्तविक संयमाने दिलेल्या नत्राचा असतो.

दीर्घकाळ चाललेले प्रयोग या बाबतीत काय सांगतात हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग अखंड चालू आहे. तेथे दरवर्षी भरपूर शेणखत मिळालेला तुकडा आणि पुरेशी रासायनिक खते मिळालेला तुकडा यांचे उत्पन्न शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ बरोबरीने चालले. मात्र शेणखताच्या तुकड्यातील सेंद्रिय द्रव्य दुपटीहून अधिक झाले आणि अलीकडच्या दशकांत शेणखतावर थोडे नत्र दिलेल्या तुकड्यांनी सर्वांवर मात केली. भारतात कोईमतूर येथे असा कायम प्रयोग १९०९ मध्ये सुरू झाला आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये देशाच्या निरनिराळ्या मातींत अशा प्रयोगांची मालिका उभी केली. ही पिके मुख्यतः धान्याची होती, तरी मातीचा धडा वांग्यालाही लागू पडतो. रांची आणि पालमपूर येथील आम्लधर्मी जमिनीत सालोसाल एकटे नत्र मिळालेले तुकडे जवळजवळ उजाड झाले. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा समतोल मिळालेले तुकडे टिकले. त्यांना शेणखताची जोड मिळालेले तुकडे सर्वांत स्थिर राहिले. कृषी विद्यापीठांनी वांग्यावर केलेल्या प्रयोगांतही असेच चित्र वारंवार दिसते : खताचा काही हिस्सा शेणखत वा गांडूळखत आणि काही हिस्सा रासायनिक खत यांतून दिला असता उत्पन्न निव्वळ रासायनिक खताच्या तोडीचे किंवा त्याहून सरस येते.

तर मग संपूर्ण सेंद्रिय शेती अशक्य आहे काय? तसे म्हणता येणार नाही. परंतु ती घाईने होत नाही. सिक्कीमने २००३ मध्ये तो संकल्प केला आणि जानेवारी २०१६ मध्ये ते राज्य पूर्णतः सेंद्रिय म्हणून घोषित झाले. त्या डोंगराळ प्रदेशात रासायनिक खताचा वापर मुळातच थोडा होता, तरीही तयारीला बारा वर्षांहून अधिक काळ लागला. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भात आणि चहा या दोहोंना फटका बसला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या प्रयोगांच्या तुलनेत, सेंद्रिय शेतीचे उत्पन्न परिस्थितीनुसार शेकडा ५ ते ३४ इतके कमी आढळले. ज्याला सेंद्रिय मालाचे प्रमाणपत्र आणि चढा भाव मिळतो, त्याला ही तूट परवडेल. ज्याचे वांगे इतरांच्या ढिगाशेजारी त्याच भावाने विकले जाते, त्याने ती तूट कोणाच्या उपदेशावरून सोसावी, हा प्रश्न उपदेशकांनी स्वतःला विचारला पाहिजे.

देश मोठा आहे आणि माती एकसारखी नाही. बंगालच्या गाळाच्या जमिनीत जे खत पुरते, ते ओडिशाच्या किंवा झारखंडच्या लाल आम्लधर्मी जमिनीत पुरत नाही. तेथे आधी चुना देऊन आम्लता कमी करावी लागते, नाहीतर सुपरफॉस्फेटमधला स्फुरद मातीतच अडकून पडतो. दख्खनच्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत पालाश बहुधा मुबलक असतो, परंतु जस्त आणि लोह झाडाला मिळत नाही. कृष्णाकाठच्या नावाजलेल्या वांग्याला तेथे शेणखताचा सर्वांत मोठा उपयोग याच बाबतीत होतो. उडुपीजवळच्या मट्टू गावचा हिरवा गोल ‘मट्टू गुळ्ळा’ समुद्रकाठच्या हलक्या जमिनीत येतो; २०११ मध्ये त्याला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला, आणि २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही. अशा हलक्या जमिनीत वरखत एकदम दिले तर पहिल्याच पावसात वाहून जाते. म्हणून माती तपासून घेणे हे सर्वांत आधीचे काम होय. त्यासाठी २०१५ मध्ये देशभर मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिका घरात पेटीत राहिली तर तिचा उपयोग नाही. ती घेऊन दुकानात गेले पाहिजे.

आता हे सर्व एका गुंठ्यावर उतरवून पाहता येईल. ठिकठिकाणच्या शिफारशी निरनिराळ्या आहेत, परंतु त्यांत हेक्टरी वीस-पंचवीस टन शेणखत प्रथम सांगितलेले असते आणि त्यानंतर रासायनिक खतांचे आकडे येतात. दुकानात मात्र पहिली ओळ गळून पडते आणि दुसरी तेवढी उरते. हेक्टरी १०० किलो नत्र आणि प्रत्येकी ५० किलो स्फुरद व पालाश ही मध्यम मात्रा धरू. वीस टन शेणखत म्हणजे गुंठ्याला दोनशे किलो. त्यातून पहिल्या हंगामात सुमारे पस्तीस किलो नत्र मिळेल असे मानले, तर उरलेल्या पासष्ट किलोंसाठी हेक्टरी १४१ किलो, म्हणजे गुंठ्याला जेमतेम दीड किलो युरिया लागेल. सिंगल सुपरफॉस्फेट गुंठ्याला तीन किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश पाऊण ते एक किलो पुरे. जमिनीत पालाश मुबलक असेल तर तेही टाळता येईल. गुंठ्यात दीडशे रोपे असतील तर झाडामागे सबंध हंगामाचा युरिया नऊ-दहा ग्रॅम होतो. तो तीन हप्त्यांत द्यावयाचा, म्हणजे एका वेळी झाडाला तीन ग्रॅम. चहाचा लहान चमचा भरेल त्याहूनही कमी. मुठीने खत फेकण्याची सवय आणि हा चमचा यांत जे अंतर आहे, तेवढा शेतकऱ्याचा पैसा पाण्याबरोबर वाहून जातो.

शेणखत लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे जमिनीत मिसळावे. सुपरफॉस्फेट व पालाश लागवडीच्या वेळी द्यावा. युरियाचे हप्ते लागवडीनंतर एक महिन्याने, दीड महिन्याने आणि पहिल्या तोडण्या झाल्यावर द्यावेत. तो खोडाला न लावता चार बोटे दूर बांगडी पद्धतीने देऊन मातीआड करावा आणि मग हलके पाणी द्यावे. पाने गर्द हिरवी असतील आणि शेंडे माजलेले असतील, तर तो हप्ता खुशाल गाळावा. रोपांची मुळे लागवडीपूर्वी अ‍ॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या द्रावणात बुडविण्याचीही शिफारस आहे. परंतु या जीवाणूंनाही खावयास सेंद्रिय द्रव्य हवे, हे विसरता कामा नये.

शेवटी प्रश्न उरतो तो शेणखत आणायचे कोठून हा. १८८९ मध्ये भारतात आलेल्या व्होल्कर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात लिहिले होते की, येथील शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, जळणाला लाकूड नाही म्हणून. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. घरोघरी गॅस पोचू लागला असला तरी अनेक खेड्यांतील भिंतींवर गोवऱ्या अद्याप दिसतात, आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलही कमी झाले आहेत. परंतु जे आहे तेही नीट सांभाळले जात नाही. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर देऊन दोन फूट खोल खड्ड्यात तीन वेळा उलथापालथ करून तीन महिन्यांत उत्तम कंपोस्ट तयार होते, हे दाखवून दिले. त्या पद्धतीत शेणाचे काम विरजणाचे असते. थोड्या शेणावर पुष्कळ काडीकचरा कुजतो. वांग्याच्या हंगामाच्या शेवटी उपटलेली झाडे बांधावर पेटवून देण्याची चाल आहे. त्यांतील रोगट व किडकी झाडे जाळणेच योग्य. उरलेल्या निरोगी काडीचे तुकडे करून खड्ड्यात टाकले आणि मोकळ्या जमिनीत ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच गाडला, तर वीस टनांच्या ओझ्यातला बराचसा भाग शेतातच निर्माण होतो. त्याला लागतात ते हाताचे श्रम आणि खड्ड्यावरचे छप्पर.

तेव्हा वांग्याच्या शेतात शेणखत आणि गोणी यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. त्यांची कामे वाटून देण्याचे आहे. शेणखताने जमीन धरावी, गोणीने तोडणीच्या दिवसांतली निकड भागवावी. जसजसा जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढेल, तसतसा गोणीचा वाटा कमी करीत न्यावा. तो किती कमी करावयाचा ते मातीच्या तपासणीने आणि झाडाच्या पानांनी ठरवावे. ज्याच्याजवळ आज एक गाडी शेणखतच आहे, त्याने ते दहा गुंठ्यांवर पातळ पसरण्याऐवजी झाडाच्या आळ्यात द्यावे आणि पुढच्या हंगामासाठी खड्डा या पावसाळ्यापूर्वीच खणावा.